बारसे थाटाचे, बाळ तहानलेले

दिवाळीत कडू बोलू नये असा आपल्याकडचा रिवाज आहे. तरी नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावणारे आपणच. त्याच न्यायाने या गोड अंकातला एवढा एक कडू घास वाचकांनी चालवून घ्यावा. शिवाय मला जे सांगायचे आहे ते सांगण्याचा मुहूर्त नेमका हाच आहे. चैत्रात सांगितले तर उशीर झालेला असेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे. या महाराष्ट्रात नवी झाडे लावण्याचे समारंभ काही वर्षे बंद ठेवले तरी चालेल; लावलेल्या झाडांना पाणी घालण्याचे काम मात्र आजपासून सुरू झाले पाहिजे. आणि ज्याच्यापाशी पाणी घालायला माणूस नाही, त्याला रोप लावण्याचा अधिकार नाही.

हे वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. झाडे लावणे हे पुण्यकर्म, त्यालाही ही बाई नावे ठेवते! पण पुण्याचा हिशेबही एकदा मांडून पाहायला काय हरकत आहे? मूल जन्माला आले, बारसे थाटात केले, घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सारी मंडळी बाळाला पाळण्यात टाकून आपापल्या गावी निघून गेली, तर त्या बारशाला आपण काय म्हणू? आपल्या वृक्षारोपणांची गत याहून वेगळी नाही.

पंचांग पुढे घ्या. रोपे लावली जातात जुलैच्या पहिल्या आठवड्यात. १९५० साली त्या वेळचे केंद्रीय अन्न व शेती मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून हा आठवडा ठरून गेला आहे. वेळ चुकीची नाही. पाऊस पडत असतो, जमीन मऊ असते, रोप चटकन धरते. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने रोपाला आकाशच पाजते. आश्विनात पाऊस परततो. दिवाळीच्या पणत्या लागतात तेव्हा वरची माती सुकू लागलेली असते, आणि पुढचा पाऊस येणार तो मृगात. म्हणजे सात महिने. या सात महिन्यांत उत्तरेचे कोरडे वारे आहेत, माघातले वणवे आहेत, गवत संपल्यावर हिरव्या शेंड्याच्या शोधात हिंडणाऱ्या शेळ्या आहेत, आणि शेवटी चैत्र-वैशाखाचे ऊन आहे. रोपाला माणसाची गरज लागते ती या सात महिन्यांत, आणि माणूस नेमका तेव्हाच नसतो. पाऊस पाणी घालत असतो तेव्हा आम्ही झारी घेऊन छायाचित्राला उभे राहतो; पाऊस निघून गेला की झारी घेऊन आम्हीही निघून जातो.

मी चित्रकलेची शिक्षिका आहे. दहावीनंतर चित्रकलेची पदविका घेतली आणि फळ्यापाशी उभी राहिले ती आजतागायत. कादंबऱ्या लिहिते त्या रात्रीच्या उरलेल्या वेळात. मी ज्या भागात शिकवते तो माणदेशाकडचा. पाऊस वर्षाला वीस इंचांच्या आसपास, तोही आला तर आला. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे वृक्षारोपणाची पाटी रंगवण्याचे काम अर्थातच माझ्याकडे होते. वर पाहुण्यांचे नाव, खाली ‘यांच्या शुभहस्ते वृक्षारोपण’, त्याखाली साल. पहिल्या वर्षी मी पांढऱ्यावर हिरव्या अक्षरांत झोकदार पाटी रंगवून दिली. दुसऱ्या वर्षी तीच पाटी पुन्हा माझ्या टेबलावर आली. “बाई, नाव आणि साल तेवढे बदला.” पाटी तीच आणि खड्डाही तोच. आदल्या वर्षीच्या कडुनिंबाची वाळलेली काडी उपटून शिपायाने तो नीट उकरून ठेवला होता, कारण आयता खड्डा असताना मुरमात नवा कोण खणणार? समारंभ झाला, टाळ्या झाल्या, पेढे झाले. पाहुण्यांनी भाषणात तुकोबांचा अभंग म्हटला. रांगेत बसलेल्या एका पोराने मला हळूच विचारले, “बाई, मागच्या वर्षीचं झाड कुठं गेलं?” तो प्रश्न खरे तर व्यासपीठावर जायला हवा होता.

कोणी म्हणेल, एका खेड्यातल्या शाळेवरून साऱ्या राज्याला का दोष देता? मग राज्याचेच बघू. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, २०१७ साली चार कोटींचा, २०१८ साली तेरा कोटींचा आणि २०१९ साली तेहतीस कोटींचा. २०११च्या जनगणनेत या राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती; म्हणजे एका पावसाळ्यात माणशी तीन रोपे, त्यात पाळण्यातली बाळेही आली. तेहतीस कोटी हा आकडा देवांच्या हिशेबातून आला की वनखात्याच्या, ते मी विचारत नाही. मी एवढेच विचारते, की पाण्याचा हिशेब कुठे मांडला होता?

आपणच मांडू. लहान रोपाला कडक उन्हाळ्यात आठवड्याला पंधरा लिटर पाणी हे काही ऐषआरामाचे माप नव्हे; ती एक घागर झाली. तेहतीस कोटी रोपांना दर आठवड्याला ४९५ कोटी लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर आठवड्याला ४ लाख ९५ हजार टँकर. आता न्यायाने बोलायचे तर डोंगरात, रानात लावलेल्या रोपांना कुणी घागरीने पाजत नाही. तिथे समपातळी चर खणून पावसाचे पाणी मुरवणे, गुरे वारणे आणि वणव्यापासून जपणे हीच निगा. म्हणून नऊ हिस्से सोडून देऊ. शाळा, रस्ते, गावठाणे, कचेऱ्यांची आवारे एवढा दहावाच हिस्सा धरू. तरी आठवड्याला पन्नास हजार टँकर होतात. ज्या राज्यात मे महिन्यात गावांना प्यायला पाणी टँकरने पुरवावे लागते, तिथे हे टँकर येणार कुठून? ते येणार नव्हते, हे लावणाऱ्यालाही ठाऊक होते. मग लावले कशासाठी? मोजण्यासाठी. झाड लावताना मोजता येते. जगताना मोजायचे तर तीन वर्षे थांबावे लागते, आणि तीन वर्षे थांबायला सवड कुणाला आहे?

हा रोग आपल्या एकट्याचा नाही. मध्य प्रदेशात २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात बारा तासांत सहा कोटींवर रोपे लावल्याचे जाहीर झाले. तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ रोजी एका दिवसात एक कोटी दहा लाख रोपे लावली; एका शहरात तर एका तासात तीन लाखांवर रोपे लावून जागतिक विक्रम नोंदवला. तीन महिने उलटायच्या आत तिथल्या शेती आणि वन कामगारांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणाला, की आम्ही पाहिलेल्या रोपांपैकी नव्वद टक्के मेली आहेत. हंगाम चुकला आणि पाणी मिळाले नाही. सरकारने ते साफ नाकारले. कोण खरे कोण खोटे, ते तिथले लोक पाहतील. पण तासात किती लावली याचा विक्रम जगाच्या वहीत चढतो आणि तीन वर्षांनी किती उरली याला त्या वहीत रकाना नसतो, ही गोष्ट मात्र दोन्ही देशांत सारखीच खरी आहे.

आता आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप असा, की झाड ही निसर्गाची वस्तू. जगायचे ते जगेल. वड काय, पिंपळ काय, भिंतीच्या फटीतही उगवतो; त्याला कोण पाणी घालायला गेले होते? हा युक्तिवाद करणाऱ्याने एकदा रोपवाटिकेतली पिशवी फाडून पाहावी. जिथे बी पडते तिथेच उगवलेले झाड आधी मूळ खाली सोडते. वर बोटभर दिसते तेव्हा खाली हातभर गेलेले असते. रोपवाटिकेतले रोप असे वाढलेले नसते. ते वीतभर पिशवीत, रोजच्या झारीवर वाढते. त्याची मुळे पिशवीच्या तळाशी जाऊन गोल गोल फिरलेली असतात. वर हिरवी पालवी भरघोस, खाली ओंजळभर माती. जमिनीत लावले तरी पहिले वर्षभर त्याचा सारा संसार त्या ओंजळभर मातीच्या आसपासच असतो. भोवतीच्या जमिनीत ओल असली तरी ती ओंजळ आधी सुकते. अशा रोपाला ‘निसर्ग पाहून घेईल’ म्हणून सोडून देणे म्हणजे पिंजऱ्यात वाढलेला पोपट माळावर सोडून ‘आता उड’ म्हणण्यासारखे आहे. आणि निसर्गाचेच नाव घ्यायचे तर निसर्ग एका वडाखाली लाखो बिया सांडतो. त्याला ते परवडते. आपल्याला प्रत्येक रोपामागे खड्डा, खत, मजुरी आणि गाडीभाडे पडते.

ओक या झाडाचे उदाहरण सांगते. आपल्याकडे ओक म्हटले की आडनाव आठवते. पण इंग्लंडात तो आपल्या वडाच्या मानाचा वृक्ष. शेकडो वर्षे जगतो. त्या देशात पाऊस बारमाही. आपल्यासारखे सात महिने कोरडे जाणे त्यांना कल्पनेतही यायचे नाही. तरीही तिथे नवा ओक लावला की पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात त्याला पाणी घालावे, भोवतीचे गवत काढावे, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा, असे सांगतात. दारापुढच्या रस्त्यावर नगरपालिकेने झाड लावले तर त्याला बादलीभर पाणी घालत जा, अशी विनंती रहिवाशांना करतात. १९ जुलै २०२२ रोजी तिथला पारा इतिहासात पहिल्यांदा ४० अंशांपुढे गेला. आमच्याकडे चाळीस अंश म्हणजे चैत्रातली साधी दुपार. ज्या मुलखात शतायुषी वृक्षालाही बाळपणी पाजावे लागते आणि तिथले लोक ते निमूट करतात, त्या मुलखापेक्षा आपले ऊन दुप्पट आणि आपली निगा शून्य. मग ‘आपल्याकडे झाडेच जगत नाहीत’ अशी तक्रार करायला आपण मोकळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारीला मी हात जोडते. ती म्हणते, “बाई, माझ्या घरात प्यायला पाणी नाही, मी मैलभरावरून दोन हंडे आणते, त्यातले झाडाला घालू?” नाही, माउली, मुळीच घालू नकोस. तुझ्या डोक्यावरच्या हंड्याच्या भरवशावर ज्याने शहरातून येऊन तुझ्या गावात पाचशे रोपे लावली, त्याला जाब विचार. म्हणून तर मी म्हणते, की आधी पाणी मोजा, मग रोपे मोजा. गावात दहा झाडांचे पाणी असेल तर दहाच लावावीत. त्या दहांना जे पाणी लागते ते बहुधा पिण्याचे लागतच नाही. आमच्या आताच्या शाळेत दुपारचा पोषण आहार झाला की दीडशे मुले ताटे आणि हात धुतात. मुलामागे अर्धा लिटर धरले तरी रोज पंचाहत्तर लिटर. सहा दिवसांचे साडेचारशे. हे पाणी नळाखालच्या चिखलात जात होते. एक चर काढला, ओळीने आळी केली, आणि तेच पाणी झाडांना जाऊ लागले. पंधरा लिटरच्या मापाने आठवड्याला तीस रोपांचे पाणी झाले. म्हणून शंभर रोपे घेऊन गाडी आली तेव्हा आम्ही तीस उतरवून घेतली आणि सत्तर परत पाठवली. गाडीवाल्याने आमच्याकडे पाहिले ते असे, की जणू आम्ही लग्नातला आहेर परत केला.

पण शाळेचा खरा घात होतो तो उन्हाळी सुट्टीत. एप्रिलपर्यंत मुले पाणी घालतात. मग निकाल लागतो, शाळेला कुलूप लागते, आणि मे महिना, ज्या महिन्यासाठी आधीचे सारे पाणी घातले तो महिना, झाडे एकटी काढतात. मुले जूनमध्ये नव्या दप्तरांनिशी येतात तो काड्या उभ्या. वर्षभर जपलेले रोप सुट्टीच्या सहा आठवड्यांत जाते. यावर सरकारी परिपत्रकात उपाय सापडत नाही, कारण परिपत्रक लिहिणारेही सुट्टीवर असतात. आम्ही तीस रोपे शाळेजवळच्या पंधरा घरांना वाटून दिली आहेत. घरामागे दोन. आठवड्यातून एकदा दोन घागरी. धुण्याभांड्याच्या शेवटच्या, कमी साबणाच्या पाण्यातल्या. त्या घराचा मुलगा ते पाणी नेतो. मुलगी नव्हे, मुलगा. घरातले पाणी आणायचे काम तिच्याकडे आहेच, निदान झाडाचे तरी त्याच्याकडे असू द्या.

तिसरा आक्षेप मवाळ मंडळींचा. ते म्हणतात, “अहो, झाडे जगोत न जगोत, हेतू तर चांगला आहे ना? मुलांवर संस्कार होतात.” इथे मात्र माझा संयम सुटतो. संस्कार होतात हे खरे. कोणते, ते पाहा. मूल पाहते, की रोप लावले, छायाचित्र काढले, ते वरच्या कचेरीला पाठवले, काम संपले. मूल पाहते, की रोप मेले तरी वहीत ‘लावली : ५०’ हे वाक्य तसेच राहते आणि त्याच्यापुढे कुणाची सही असते. मूल पाहते, की मेलेल्या झाडाबद्दल कुणी कुणाला रागावत नाही. खोटे बोलू नये हा सुविचार मी दर सोमवारी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिते. त्याच फळ्याच्या मागच्या अंगणात आम्ही मुलांना शिकवतो, की सुरुवात केली म्हणजे झाले, निभावण्याची गरज नाही. हा धडा मुले विसरत नाहीत. पुढे मोठी होऊन ती धरणे, रस्ते, दवाखाने याच रीतीने बांधतात. कोनशिला चकचकीत, आत खाट नाही. माझे भांडण झाडांसाठी आहेच; त्याहून अधिक ते या मुलांसाठी आहे.

आणि आता तर आईचे नावही यात आले. ५ जून २०२४ रोजी पंतप्रधानांनी आईच्या नावाने एक झाड लावण्याची मोहीम सुरू केली. कल्पना मनाला भिडणारी आहे. नावे ठेवण्याजोगे त्यात काही नाही. मात्र ज्याने आईच्या नावाने झाड लावले, त्याने वैशाखात एकदा त्या झाडाकडे जाऊन यावे. आईच्या नावाची पाटी लावलेली वाळकी काडी पाहून ज्याला काही वाटत नाही, त्याने निदान दुसऱ्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा आईचे नाव घालू नये.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते काय? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाची गोष्ट आली आहे. तिथे आंबा, फणस अशी झाडे तोडू नयेत, याचे कारण देताना त्यांनी फळाची किंवा सावलीची थोरवी गायिलेली नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने पोटच्या पोरांसारखी ती दीर्घकाळ सांभाळून वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही, असा त्या सांगण्याचा भाव आहे. झाडाची किंमत त्यांनी वाढवणाऱ्याच्या कष्टावरून ठरवली. आपण ती लावणाऱ्याच्या हुद्द्यावरून ठरवतो. आपले कायदेही संख्येतच अडकले. शहरांतली झाडे राखण्यासाठी १९७५ साली आपण कायदा केला. २०२१ साली तो बदलून पन्नास वर्षांपुढच्या झाडाला वारशाचा मान दिला आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी रोपे लावावीत असे ठरवले. साठ वर्षांचा वड गेला, साठ रोपे आली. ऐकायला बरे वाटते. पण ती साठही एका उन्हाळ्यात गेली, तर जमेला काय उरले?

आणि करणारे कसे करतात, तेही पाहू. कर्नाटकात हुलिकल गावच्या तिम्मक्का नावाच्या बाई. मजुरी करून पोट भरणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या, मूलबाळ नसलेल्या. त्यांनी आणि त्यांचे पती चिक्कय्या यांनी कुदूरच्या रस्त्याला वड लावायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. आकडे नीट पाहा. दोन माणसांना घागरींनी जेवढे पाणी नेता येईल तेवढीच रोपे. घागरी घेऊन ती दोघे मैलोगणती चालत, आणि गुरांनी खाऊ नयेत म्हणून रोपांना काटेरी कुंपण घालत. असे करता करता ३८५ वड झाले असे सांगतात. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच २०१९ साली आपण तेहतीस कोटींचा संकल्प सोडला होता. दहा, पंधरा, वीस ही बेरीज ज्यांना कळते, त्यांच्या रस्त्यावर आज सावली आहे.

टीका पुष्कळ झाली. आता कामाचे दोन शब्द, कारण पाणी घालावे एवढे म्हणून भागत नाही, ते घालावे कसे हेही विसरले गेले आहे.

रोपाभोवती हात-दीड हात रुंदीचे आळे करावे, बुंध्यापाशी माती किंचित उंच ठेवावी म्हणजे खोडाला पाणी तुंबून ते कुजत नाही. आळ्यात वाळला पाला चार बोटे पसरावा, खोडाला मात्र टेकू देऊ नये. पाल्याखालची ओल लवकर उडत नाही. रोज तांब्याभर पाणी घालणारे भाविक पुष्कळ असतात. त्या पाण्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे त्या ओलीच्या लोभाने वरच राहतात, आणि एक दिवस भाविक परगावी गेला की झाड मान टाकते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अख्खी घागर सावकाश जिरवावी. पाणी खाली गेले की मूळही त्याच्यामागे खाली जाते. मुरमाड जमिनीत चैत्र-वैशाखात आठवड्यातून दोनदा. शंका वाटली तर काडी खुपसून पाहावी. काडीला ओली माती लागली तर थांबावे. भोवतीचे गवत उपटत राहावे, कारण पाणी आधी तेच पिते. आधाराची काठी बांधली असेल तर सुती चिंधीने, सैल, आणि वर्षाने ती सोडावी. लोखंडी जाळी लावली असेल तर खोड जाडावण्याआधी ती काढावी. देणगीदाराचे नाव लिहिलेल्या जाळ्या खोडात रुतलेल्या मी पाहिल्या आहेत.

जिथे आठवड्याला जाणे जमत नाही तिथे मडके पुरावे. भाजलेल्या मातीचे, न रंगवलेले, दहा-बारा लिटरचे, रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरलेले, वर झाकण, म्हणजे डास होत नाहीत. ते पाणी स्वतःच झिरपत राहते. महादेवाच्या पिंडीवर थेंब थेंब गळणारे अभिषेकपात्र आपण पिढ्यानपिढ्या टांगत आलो. थेंबाचे महत्त्व आपल्याला नव्याने शिकायचे नाही. आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न पिणाऱ्या आयाबाया घरोघर असताना, महाराष्ट्राला झाड वाढवता येत नाही असे कोण म्हणेल? अंगणातल्या तुळशीचे लग्न आपण दिवाळीपाठोपाठ दरसाल लावतो. ती लग्नापर्यंत जगते, कारण तिला पाणी घालणारे माणूस ठरलेले असते. रस्त्यावरच्या रोपाचे माणूस ठरलेले नसते, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. झाडाची नोंद लावल्याच्या दिवशी करू नये; तिसरा उन्हाळा काढल्यावर करावी. पाहुण्याची पाटी त्याच दिवशी लावावी, आणि पाटीवर नाव पाणी घालणाऱ्याचे असावे. रोपांसाठी जो पैसा मंजूर होतो, त्यातला मोठा हिस्सा पुढच्या तीन वर्षांच्या पाण्यासाठी आणि राखणीसाठी बाजूला ठेवावा. तेवढा नसेल तर रोपे कमी आणावीत. शाळेत मुलांची हजेरी रोज होते, तशी झाडांची आठवड्याला व्हावी, आणि मेलेल्या झाडापुढे ‘मेले’ असा शब्द लिहिण्याची मास्तरांना मुभा असावी. मोजदादीचा दिवस वटपौर्णिमेचा ठरवावा. ती मृगाच्या आगेमागे येते. तोवर ज्याने उन्हाळा काढला ते झाड खरे. सात जन्म मागणाऱ्या बायकांनी बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणण्यापेक्षा गेल्या वर्षीचे एक रोप जिवंत दाखवावे, म्हणजे नवऱ्यालाही निदान एका जन्माची सावली होईल.

आणि वाचकहो, तुम्ही. लाडू-चकल्यांचा डबा बंद केला, अंक वाचून झाला, की जरा पायांत चपला घाला. तुमच्या गल्लीत, सोसायटीच्या फाटकापाशी, मुलांच्या शाळेत गेल्या जुलैमध्ये एखादे रोप लावलेले असेल. कुणी लावले ते विचारू नका. आळे बुजले असेल, ते मोकळे करा. पिशवीचा तुकडा बुंध्याला तसाच असेल, तो फाडून काढा. एक घागर पाणी घाला आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा. घरातल्या लहानग्याला बरोबर न्या आणि ते रोप त्याच्या हवाली करा. वटपौर्णिमेपर्यंत सारे मिळून तीस रविवार भरतील. त्या दिवशी आम्ही आमची तीस झाडे मोजणार आहोत. तुमचे एक तुम्ही मोजा.